पालक घेऊन या

केसरबाईनं काळीपिवळी जीपमधून पालकाची गोणी उतरवून घेतली, तेव्हा कुठं सारजाबाईंचा जीव भांड्यात पडला. गौरीपूजनाचा, म्हणजे लक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस, घरात सोळा भाज्यांची चिराचिर चाललेली, आणि म्हातारी सकाळपासून हर्सूलच्या घराच्या ओट्यावर रस्त्याकडं डोळे लावून बसलेली. लेक दौलताबादेहून माहेरी येणार, तिची ओढ असेल, असं शेजारणींना वाटलं. ओढ होती, पण लेकीची नव्हे, गोणीची.

"माय, एवढा पालक कशाला गं?" केसरबाई पदरानं घाम पुसत म्हणाली. "सोळा भाज्यांत एक जुडी लागती. मी अख्खा वाफाच कापून आणला. आमच्या घरचे म्हणाले, तुझ्या माहेरी म्हशी घेतल्या काय?"

"हळू बोल. मोरीजवळ गारव्याला ठेव, आन् पाणी शिंपड वरून. सरितेला यातलं काय बी सांगू नको."

"कामून?"

"सांगू नको म्हन्लं ना."

सुनेपासून पालक लपवण्यासारखं काय असतं, असं कुणालाही वाटेल. त्यासाठी दोन दिवस मागं जायला हवं.

औताड्यांची ही सून सरिता, वय त्रेचाळीस. लग्नात रुखवताबरोबर तिनं मेकॅनिकलचा डिप्लोमाही आणला होता. रुखवत सगळ्या भावकीनं पाहिलं, डिप्लोमा कुणी पाहिला नाही. पुढं सार्थक शाळेत जायला लागल्यावर ती चितेगावच्या एका कारखान्यात माल तपासायच्या खात्यात लागली. तिथं दरवर्षी डिग्रीवाली कोवळी पोरं यायची, तिच्याजवळ बसून काम शिकायची आणि दिवाळीच्या आत तिचीच साहेब व्हायची. अशा कितीतरी साहेबांना तिनं लहानाचं मोठं केलं. शेवटी यंदा आषाढात तिनं राजीनामा देऊन टाकला आणि घरात जाहीर केलं की आपण इंजिनियरिंगला जाणार. डिप्लोमावाल्यांना पहिलं वर्ष करावं लागत नाही, थेट दुसऱ्या वर्षात बसता येतं. तिनं अर्ज केला, नंबर लागला, आणि लागला तोही नेमका सार्थकच्या कॉलेजात, सार्थकच्याच शाखेत. सार्थक तिचा एकुलता मुलगा, तिसऱ्या वर्षाला. म्हणजे मुलगा सीनियर आणि आई ज्युनियर. त्या दिवसापासून घरात दोन पक्ष पडले होते, आणि सरिताचा नवरा सर्जेराव दोन्ही पक्षांत होता.

सारजाबाई कुठल्याच पक्षात नव्हत्या. त्यांचे यजमान पुंजाराम गेल्यापासून घराचा कारभार त्यांच्या हाती होता, आणि कारभाऱ्यानं पक्ष घ्यायचा नसतो, पक्षांना झुलवायचं असतं. सून शिकली काय नि न शिकली काय, जे होईल ते आपल्या हातून झालं पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं. आणि तशी संधी देवीनं परवा आपण होऊन पाठवली.

सरिता न्हायला गेली होती आणि तिचा मोबाईल दळणाच्या डब्यावर वाजत होता. सारजाबाईंनी उचलला.

"सरिता औताडे?" पलीकडून एका बाईचा आवाज आला.

"ती न्हाती. मी सासू बोलते. काय काम हाय?"

"कॉलेजमधून बोलतेय. त्यांना सांगा, परवा दुपारी चारच्या आत पालक घेऊन या. पालक नसेल तर ॲडमिशन रद्द होईल."

"पालकच लागतो का?"

"पालकच लागतो, आजी. नियम आहे."

"किती आणायचा?"

"एक आला तरी चालतो. दोन आले तर उत्तमच. फक्त खरा पाहिजे हं. मागं एका मुलानं शेजारचा आणला होता."

"शेजारचा कामून आणू, बाई? आमच्या घरचा हाय, दौलताबादचा."

"मग छानच. घेऊन या," बाई म्हणाल्या आणि फोन बंद झाला.

सारजाबाईंना यात वावगं काही वाटलं नाही. बाईंच्याही घरी लक्ष्म्या असतील, सोळा भाज्या त्यांनाही लागत असतील, आणि सणासुदीला पालेभाजी कुठं मिळते म्हणा. बिचारीनं तोंड उघडून मागितली, हा तर मोठेपणाच. त्यांच्या सासऱ्यांनी निजामाच्या राज्यात तहसीलदाराकडं तुपाची बरणी नेल्याशिवाय एक काम केलं नव्हतं. कचेरीत कोरड्या हातानं जाऊ नये, ही औताड्यांची रीतच होती. अडचण एकच होती, की सुनेला तत्त्वं होती. सर्जेरावनं एकदा रेशनकार्डाच्या साहेबाला चहा पाजला, तर तिनं त्याच्याशी अबोला धरला होता. तेव्हा तिला न सांगता पालक परस्पर पोचवायचा, आणि संध्याकाळी भरल्या पंगतीत सांगायचं की तुझं ॲडमिशन मी करून दिलं. मग बसू दे तिला वर्गात. जन्मभर सासूचं नाव घेत बसेल.

असा तो बेत होता.

आत स्वयंपाकघरात केसरबाईनं बूड टेकायच्या आधी तोंड उघडलं होतं.

"वहिनी, आमच्या गावात समद्यांनी इचारलं मला. म्हणले, तुमच्या वहिनीनं शाळेत नाव घातलं म्हणं."

"शाळा नाही ताई, कॉलेज," सरिता पुरण वाटत म्हणाली.

"तेच. आता डोक्याला रिबनी बांधतीस का?"

"बांधीन की. तुम्हीच आणा लाल रंगाच्या."

"हसण्यावारी नेऊ नको. सून आणायचं वय झालं तुझं. उद्या सार्थकला पोरगी बघायला गेलो आन् त्यांनी इचारलं, पोराची आई काय करती, तर काय सांगू? आभ्यास करती? नापास झाली म्हणून रुसून बसली?"

सर्जेराव सोवळं नेसून दारात उभा होता. "केसर म्हणती त्यात तथ्य हाय," तो म्हणाला.

"तुम्हीच तर परवा म्हणालात, कर म्हणून," सरिता म्हणाली.

"त्यात बी तथ्य हाय," असं म्हणून सर्जेराव आरतीचं ताट घासायला निघून गेला.

तेवढ्यात सार्थक आला. त्यानं भज्यांच्या परातीकडं हात नेला, सरितानं त्यावर चापट मारली, आणि नैवेद्य झाल्याशिवाय मिळायचं नाही म्हणून सांगितलं.

"मम्मी, तुला एक सांगू? कॉलेजात असं सीनियरच्या हातावर मारता येत नाय," तो म्हणाला. "ज्युनियरनं सीनियर दिसला की थांबायचं आन् गुड मॉर्निंग सर म्हणायचं."

"म्हणीन. पण आधी सरांनी सकाळी उठायला पाहिजे."

"मस्करी नको ना. माझे दोस्त तुला काय म्हणतील? काकू म्हणतील का मॅडम म्हणतील? कँटीनमधी तू बसली तर मी कुठं बसू? तू लायब्ररीत मला सगळ्यांसमोर विचारशील, डबा खाल्ला का म्हणून."

"खाल्लेला नसतो, म्हणून विचारते."

"हेच! हेच म्हणतो मी!" सार्थक केसरबाईकडं वळला. "आत्या, तू तरी सांग."

"मी सांगून थकले बाबा. पन या घरात नणंदेचं ऐकतंय कोण?" केसरबाई म्हणाली आणि पुरणाचा एक गोळा नैवेद्याआधीच तोंडात टाकला. तिला कुणी चापट मारली नाही.

सारजाबाई कोपऱ्यात भेंडी चिरत सगळं ऐकत होत्या. पक्ष कसे फुटतात आणि कसे जुळतात हे पाहायला त्यांना मोठी गंमत वाटायची. गणपतीपर्यंत आत्या-भाच्याचं हाडवैर होतं, कारण आत्यानं त्याला गाडी देऊ नये म्हणून बापाचे कान भरले होते. आज दोघं एका ताटात जेवायला तयार. सारजाबाईंनी विळी बाजूला सारली आणि सार्थकला खुणेनं मोरीकडं बोलावलं.

"ही गोणी हाय का, ती बापाच्या गाडीत टाक आन् कॉलेजात पोचव. चारच्या आत. तुझ्या मायला कळू देऊ नको."

"कॉलेजात? पालक?" सार्थक म्हणाला. "कँटीनवाल्यानं मागवला का?"

"ॲडमिशनच्या बाईंनी मागवला. परवा फोन आल्ता. पालक घेऊन या म्हन्ल्या, न्हाय तर ॲडमिशन रद्द. मी म्हन्लं, घरचाच आणते."

सार्थकनं आधी आजीकडं पाहिलं, मग गोणीकडं. त्याचं तोंड उघडं राहिलं आणि गाल हलायला लागले, हसू येणार असल्यासारखे. पण हसू आलं नाही. त्यानं स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. तीन वाजायला आले होते.

"काय झालं रं?"

"काय नाय आजी," तो म्हणाला. "बघतो मी."

त्यानं गोणी ओढत अंगणात नेली. सारजाबाई खिडकीतून पाहत होत्या. पोरगं गोणी गाडीत टाकेल, गाडी काढेल, असं त्यांना वाटलं. ते काही झालं नाही. सार्थक गोणीवरच बसला. दोन्ही हातांनी डोकं धरलं. उठला, फाटकापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गोणीवर बसला. एवढ्याशा पालकाचं या पोराला ओझं कसलं झालं, ते सारजाबाईंना कळेना. मग तो एकदम उठला आणि घराकडं धावत सुटला.

"मम्मी! हात धू! चारला ऑफिस बंद होतंय!"

सगळं उलगडायला फार वेळ लागला नाही. पालक म्हणजे भाजी नव्हे, पालक म्हणजे आईबाप. नवा विद्यार्थी आला की त्याच्या आईबापानं ऑफिसात समक्ष जाऊन सही करायची असते. न केल्यास ती जागा पुढच्याला जाते. पहिलं हसू सर्जेरावला आलं. तो आरतीच्या ताटासकट खाली बसला आणि ताट वाजवत हसायला लागला. केसरबाई हसली. मग तिच्या लक्षात आलं की आपण अख्खा वाफा कापून आणलाय, आणि ती हसायची थांबली.

सरिता हसली नाही. तिच्या हाताला पुरण लागलेलं होतं, ते ती तसंच बघत राहिली.

"आत्याबाई, परवा फोन आला होता?" तिनं विचारलं.

"आल्ता," सारजाबाई म्हणाल्या. आवाज नेहमीपेक्षा लहान निघाला.

"चला ना पप्पा," सार्थक म्हणाला. "नवरा पण चालतो. सही करायची, झालं. पोचू अजून."

"मी? मी हिचा पालक?" सर्जेराव उठून उभा राहिला. "आरे, पन मी सोवळ्यात हाय. आरती..."

"दादा, पाऊल बाहेर टाकशील तर बघ," केसरबाई दारात आडवी उभी राहिली. "घरातला कर्ता लक्ष्म्यांपुढून उठून सह्या करत हिंडतोय, असं कधी झालंय का या घरात? आन् घरची सून बी न्हाय जायाची. पोळ्या कोण लाटल? सवाशिणी यायच्या टायमाला चूल थंडी ठेवती का? जायाचं आसंल तर जा, पन मग मी या घरात अन्न घेणार न्हाय. उपाशी जाईन दौलताबादला."

"केसर म्हणती त्यात..." सर्जेराव म्हणाला आणि सार्थकचं तोंड पाहून पुढचं गिळलं.

"राहू द्या," सरिता म्हणाली. तिनं पाटा पुढं ओढला. "नोकरी सोडलीच आहे, कॉलेजही सुटलं. बरं झालं. पुरण वाटायला मोकळी झाले मी."

हे ती चिडून म्हणाली असती तर सारजाबाईंना सोपं गेलं असतं. चिडलेल्या सुनेला कसं गप्प करायचं हे त्यांना पाठ होतं. पण सरिता अगदी सरळ आवाजात बोलली आणि खरोखरच पुरण वाटायला लागली. सारजाबाई तिच्या हातातल्या वरवंट्याकडं बघत राहिल्या. आपल्या हातून व्हावं म्हणत होतो, ते आपल्याच हातून बुडालं. आणि बुडालं ते कशापायी, तर पंगतीत चार शब्द मिरवायला मिळावेत म्हणून.

त्या गुडघ्यावर हात देऊन उठल्या.

"केसर, व्हय बाजूला."

"माय, तू कुठं निघाली?"

"पालक मागितलाय ना त्यांनी? मी जाते. चल गं सरिते. सार्थक, गाडी काढ."

"आगं पन लक्ष्म्या? पोळ्या?"

"लक्ष्म्या माहेरवाशिणी हाईत. तू बी माहेरवाशीण हाईस. तुमचं तुमचं बघून घ्या," सारजाबाई म्हणाल्या आणि लाटणं केसरबाईच्या हातात दिलं. "आन् उपाशी जायचं तर पोळ्या लाटून जा."

निघताना त्यांनी गोणीही गाडीत टाकायला लावली. आणलाच आहे तर वाया कशाला घालवायचा.

गाडीत सार्थकनं तोंडाला रुमाल बांधला, डोक्यावर टोपी ओढली, वर काळा चष्मा लावला. आईला कॉलेजात सोडताना कुणी ओळखू नये म्हणून ही तयारी. दिल्ली गेटपर्यंत बरं चाललं. क्रांती चौकात गणपतीच्या मंडपानं अर्धा रस्ता खाल्लेला, तिथं गाडी जी अडकली ती हलेना. एका हवालदारानं काचेतून आत पाहिलं. तोंड बांधलेला पोरगा, मागं हाताला पुरण लागलेली बाई, तिच्याजवळ नऊवारीतली म्हातारी, आणि दोघींच्या पायाशी भलीमोठी गोणी.

"काय आहे यात?"

"पालक," तिघंही एकदम म्हणाले.

हवालदारानं गोणीत हात घालून पाहिलं, पालकच निघाला, आणि तो जरा हिरमुसल्यासारखा बाजूला झाला.

ऑफिसात पोचले तेव्हा ॲडमिशनच्या विशाखा मॅडम टेबल आवरत होत्या. पर्स खांद्याला लागली होती.

"पालक आलेत!" सार्थक दारातूनच ओरडला.

"अरे वा. या ताई, बसा," मॅडम सरिताकडं बघून म्हणाल्या. "तुम्ही पालक ना? आणि पाल्य? हा का? रुमाल काढ बघू तोंडावरचा. अरे, हा तर थर्ड इयरचा औताडे. तू कशाला आलास?"

"पालक आणायला, मॅडम."

"कुणाचा?"

"पाल्याचा."

"मग पाल्य कुठंय?"

सरितानं वर्गात करतात तसं बोट वर केलं. "मी, मॅडम."

मॅडमनी पर्स खाली ठेवली. "आणि पालक?"

"मी," सारजाबाई पदर सावरून म्हणाल्या. "पालक बी आणलाय, त्यो गाडीत हाय. पन आधी मला घ्या."

मॅडमना काही उमगलं नाही, पण सणाच्या दिवशी फार उमगून घेऊ नये असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी कागद पुढं ओढला. "यांचे आईवडील?"

"नाहीत. वारले दोघं," सरिता म्हणाली.

"मग आजी, तुमचं नातं?"

"सासू."

मॅडमचं पेन थांबलं. "सासू? पालक म्हणून?"

"नियमात बसत न्हाय का?"

मॅडमनी नियम पाहिला. "आई, वडील किंवा सांभाळ करणारी वडीलधारी व्यक्ती, असं आहे. तुम्ही यांचा सांभाळ करता?"

सारजाबाई मोठ्यानं हो म्हणणार होत्या. पण सून शेजारीच उभी होती, आणि मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यांत थेंब कुणी घातले, बाथरूममध्ये पडल्यावर पाठीला कुणी शेकलं, हे दोघींनाही माहीत होतं.

"सांभाळ ती मपला करती," त्या म्हणाल्या. "पन वडीलधारी मी हाय. लिव्हा."

मॅडम गालात हसल्या आणि त्यांनी लिहिलं. मग म्हणाल्या, "आता शेवटचं राहिलं. हे नीट ऐका आजी, मगच सही करा. रॅगिंगच्या विरोधातली हमी आहे."

"ते काय आसतंय?"

"सांगते. समजा एखादी नवी मुलगी येते. तिला इथलं काही माहीत नसतं, ओळखीचं कुणी नसतं. मग इथले जे जुने लोक असतात ना, ते तिला त्रास देतात."

"कसला त्रास?"

"पहाटे उठवतात. पाणी भरायला लावतात, आपले कपडे धुवायला लावतात. सगळ्यांचं झाल्याशिवाय जेवू देत नाहीत. मान खाली घालून उभं राहायचं, उलट बोलायचं नाही. तिच्या कपड्यांवरून, गावावरून, आईबापावरून टोमणे मारतात. तिची पुस्तकं लपवून ठेवतात."

सारजाबाई पुढं सरकून बसल्या. "आन् ती सोसती हे समदं?"

"सोसते. घरी कळवत नाही. बरं, त्या जुन्या लोकांना विचारलं तर काय म्हणतात माहितीये? आम्ही आलो तेव्हा आम्हीही सोसलं, आता हिची पाळी."

सारजाबाईंनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

"बाई," मग त्या म्हणाल्या, "याला तुमच्यात रॅगिंग म्हणत्यात व्हय?"

"हो आजी."

"आमच्यात याला नांदणं म्हणत्यात."

सार्थक फस्सकन हसला. मॅडमनी तोंडाला रुमाल लावला. सरिता भिंतीला टेकली आणि हसायला लागली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ती ते पुसायची आणि पुन्हा हसायची. मग नुसतं पुसतच राहिली.

सारजाबाईंना लाज वाटली. साधी, उघडी लाज, तोंड कुठं लपवावं अशी. या पोरीच्या डिप्लोमाची पुस्तकं त्यांनी पहिल्याच संक्रांतीला माळ्यावर टाकली होती, घरात पसारा नको म्हणून. सून पुस्तक घेऊन बसली की त्यांना नेमकी तेव्हाच ज्वारी निवडायची आठवण व्हायची. त्यांच्या सासूनं त्यांना याहून कितीतरी जास्त छळलं होतं, आणि इतकी वर्षं तोच हिशेब त्यांना पुरला होता. आज एका परक्या बाईनं तो सरकारी कागदावरून वाचून दाखवला, तेव्हा तो पुरेना.

"शिक्षा काय आसती याला?"

"काढून टाकतात कॉलेजातून."

"लई चांगलं करत्यात," सारजाबाई म्हणाल्या. "कुठं करू सही?"

"इथं. कॉलेजच्या आवारात आपल्या पाल्याला असा त्रास होऊ देणार नाही, झाल्यास तक्रार करू, असं लिहिलंय."

"आवारातच कामून? घर धरून लिव्हा."

"आजी, हा छापील कागद असतो. घराचं त्यात..."

"मग खाली हातानं लिव्हा. पहाटं उठवायचं न्हाय, पुस्तकं लपवायची न्हाईत, टोमणे मारायचे न्हाईत. घर धरून. त्याशिवाय मी सही देत न्हाय." त्यांनी घड्याळाकडं बोट दाखवलं. "आन् चार वाजायला आलेत बरं का बाई. उशीर तुमच्यामुळं होईल."

मॅडमनी सरिताकडं पाहिलं, सार्थककडं पाहिलं, आणि छापील मजकुराखाली एक ओळ हातानं लिहिली. बचत गटात शिकलेली सही सारजाबाईंनी दाबून, एकेक अक्षर उमटवत केली. मग पेन नातवापुढं धरलं.

"तू सीनियर ना? तू बी कर."

सार्थकनं मुकाट्यानं सही केली. सही करून तो आईकडं वळला, टोपी काढली, आणि काय बोलावं ते न सुचून म्हणाला, "मम्मी, कँटीनमधी कोपऱ्यातला टेबल चांगला हाय. फॅनखालचा. मी धरून ठेवत जाईन."

मॅडमनी शिक्का मारला. "झालं ॲडमिशन, सरिताताई. आणि आजी, लक्षात ठेवा हं, यांची तक्रार आली तर आता तुम्हालाच जाब द्यावा लागेल."

"हिची? हिची काय तक्रार येती, बाई," सारजाबाई म्हणाल्या. "बावीस वर्षं झाली, एक तक्रार केली न्हाय पोरीनं. केली आसती तर निदान मला कळलं तरी आसतं." त्या सुनेकडं वळल्या. "आता करत जा गं. मनात ठेवू नको."

सरितानं नाक पुसलं, पदर खोचला आणि खुर्ची ओढून सासूच्या समोर बसली.

"बरं आत्याबाई. मग पहिली सांगते..."

"थांब की बाई," सारजाबाई म्हणाल्या. "सही तर वाळू दे."